मापं घेताना

टेशीच्या किनारी रस्त्यावर आमचं दुकान.
माणूस ज्यासाठी जगला त्या आकाराची पेटी इथे मिळते:
कोळ्याला मासा, टॅक्सीवाल्याला टॅक्सी,
गेल्या ईस्टरला एका मुख्याध्यापकांसाठी पेन केलं,
टोपणासकट.

काल तिघं आले.
रेडिओ केंद्राचे साहेब, खात्याचे सचिव,
आणि बाईंची धाकटी बहीण कोर्कोर,
जिला खुर्ची दिली तरी ती उभीच राहिली.
"अमेर्ले नुनू गेल्या," साहेब म्हणाले,
जसं काही आम्हाला ठाऊकच नव्हतं.
जसं काही मासळीबाजारात सकाळपासून
सुरे पालथे पडलेले नव्हते.

एकतीस वर्षं, पहाटे साडेपाचला,
बाईंनी या किनाऱ्यावरची मेलेली माणसं वाचली.
बातम्या नाहीत, गाणी नाहीत.
नाव, वय, घर कुठलं, मागे कोण कोण,
लाल-काळं नेसून यायचं की पांढरं,
दफन कुठल्या शनिवारी.
मंत्र्याला जेवढा वेळ
तेवढाच मासे खारवणाऱ्या म्हातारीला.
आणि प्रत्येक नावानंतर थांबायच्या.
किती म्हणाल, तर एक श्वास. दीड.
तेवढ्यात केंकेच्या पातेल्यावरचं झाकण
कुणीतरी हाताने धरून ठेवायचं
खडखडू नये म्हणून.

माझा बाप बुडाला तेव्हा मी नऊ वर्षांचा.
त्याला पेटी लागलीच नाही.
गल्लीत त्याचं नाव कुणी धड घेत नसे,
ओक्पोटी लंगडा, ओक्पोटी उधार.
बाईंनी ते सबंध घेतलं:
ओक्पोटी आजेई, मेन्सा आजेई यांचा मुलगा.
मग थांबल्या.
मला वाटलं, आता बाप कुठूनतरी
'हजर' म्हणतो.

साहेबांना मायक्रोफोन हवा होता. सोनेरी.
सचिवांना एक बाजू सपाट हवी होती,
झेंडा घसरणार नाही अशी.
भाषणं सत्तावीस ठरली होती, क्रमासकट.
अता सोवांनी कानामागची पेन्सिल काढली.
"करू की. वावाचं लाकूड हलकं, जाळीसुद्धा कोरता येईल.
पण बाई काय मायक्रोफोनसाठी जगल्या?"

तेव्हा कोर्कोर बोलली.
"घरात रेडिओ नव्हता तिच्या.
एक स्टूल होतं स्वयंपाकघरात.
लिहिता न येणारी माणसं रात्री यायची,
स्टुलावर बसून रडायची.
ही खाली जमिनीवर, कागद मांडीवर,
नाव कसं उच्चारायचं ते तीनतीनदा विचारायची.
चहा गार व्हायचा. रोज."

सचिव म्हणाले, स्टूल राजांचं असतं,
परंपरेत बसणार नाही.
"राजांचं नाही हो," कोर्कोर म्हणाली,
"हे चार पायांचं. एक पाय आखूड.
त्याखाली कागदाची घडी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.
अता सोवांनी माझ्याकडे.
मी फळी उचलली.

आज पहाटे, तीन पाय झाले होते,
चौथा मुद्दाम अर्ध्या बोटाने कमी करत होतो,
तेव्हा रेडिओवर नवा पोरगा आला.
आवाज बरा आहे त्याचा. घाई आहे.
बाईंचं नाव, पदकं, पुरस्कार,
शनिवारी वाहतूक कुठून वळवली आहे ते,
सगळं एका दमात,
आणि त्याच दमात पुढचं नाव:
आजेले क्वेई, वय ब्याण्णव, ला गावच्या पाव विकणाऱ्या,
मागे एक नात.

बाईंसाठी तर अख्खा किनारा थांबला होता,
समोरची सलूनवालीसुद्धा, कात्री हवेत धरून.
तेवढ्यात आजेले क्वेई निघून गेल्या,
कुणाच्या कानी न पडता,
आणि पोरगा सिमेंटच्या जाहिरातीवर पोचला.

मी रंधा उचलून धरला.
ढलपी पात्यातच अडकून लोंबत होती.
आजेले क्वेई, म्हटलं, हळूच,
कधी न पाहिलेल्या बाईचं नाव,
उच्चार बरोबर आला की नाही कोण जाणे,
पुन्हा एकदा म्हटलं.

मग आखूड पायाकडे वळलो.